चित्रामागची बारनिशी

लष्करातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागल्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात जी भेग पडली, तिच्या दुरुस्तीच्या अर्जासोबत भिंतीची छायाचित्रे जोडावीत, आणि ती छायाचित्रेही ‘जिओ टॅग’ असलेलीच असावीत, असा शेरा मारून एका कचेरीने माझा अर्ज परत केला, तेव्हा हा टॅग म्हणजे काय, तो चित्राला कोठे चिकटवावयाचा आणि त्याला तिकीट किती रुपयांचे लागते, याविषयीचे माझे अगाध अज्ञान बरोबर घेऊन मी सिटी सेंटरमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकानातला मुलगा विशीतला असावा. माझ्या पुतण्याने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पाच छायाचित्रे त्याने पाचच क्षणांत पाहिली आणि म्हणाला, “दादाजी, इनमें तो कुछ है ही नहीं.”

मी चकित झालो. भेग तर स्वच्छ दिसत होती. विटा दिसत होत्या. विटांच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप, ज्याच्यावर या साऱ्या अनर्थाचा आरोप ठेवता येईल, तेही दिसत होते. परंतु त्याला म्हणावयाचे होते ते निराळेच. त्याने माझाच मोबाइल हातात घेतला, त्याच दिवशी सकाळी मी अंगणातल्या प्राजक्ताचे जे छायाचित्र काढले होते ते उघडले, बोटाने ते किंचित वर सरकवले, आणि नाटकाचा पडदा उचलावा तशी चित्राखालून एक यादी वर आली: तारीख आणि वार, तास आणि मिनिट, मोबाइल कोणत्या कंपनीचा व कोणत्या जातीचा, भिंगाचे तोंड किती उघडले होते, उजेड आत घेण्यास सेकंदाचा कितवा अंश लागला, आणि सर्वांच्या खाली एक लहानसा नकाशा, त्यात एक टाचणी, आणि ती टाचणी बिनचूक आमच्या अंगणात रोवलेली. प्राजक्ताचे चित्र मी काढले होते खरे, पण ही यादी मी लिहिली नव्हती, कोणी लिहावी असे सांगितले नव्हते, आणि गेली सात वर्षे मी काढलेल्या प्रत्येक चित्रामागे ती लिहिली जात आहे याची मला गंधवार्ताही नव्हती.

सिटी सेंटर हा ग्वाल्हेरचा नवा भाग. ज्यांनी आपले आयुष्य महाराज बाड्याच्या परिसरात घालवले त्यांना येथले रुंद रस्ते, काचेच्या दर्शनी भिंती, बँका आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या अजूनही परगावच्या वाटतात. तथापि उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आल्यापासून वकील, पक्षकार, नोटरी आणि झेरॉक्सवाले यांची जी वस्ती भोवताली जमली आहे, ती पाहून या शहराने आपला मूळ स्वभाव सोडला नाही अशी खात्री पटते. कारण ग्वाल्हेर हे पूर्वापार दफ्तरांचे शहर आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेला तळ उठलाच नाही, आणि त्या तळाचे ‘लष्कर’ हे नाव गावालाच चिकटले; तळाबरोबर फडणिशी आली, चिटणिशी आली, मोडी लिहिणारे कारकून आले, आणि संस्थाने गेल्यावरही मध्यप्रदेशाचे राजस्व मंडळ, भूअभिलेख आयुक्तांची कचेरी व महालेखाकारांचे कार्यालय येथेच राहिले. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या या ना त्या दफ्तरात कारकुनी करीत निवृत्त झाल्या. म्हणूनच त्या मुलाने उघडलेली यादी पाहून मला धक्का बसला तो तिच्या नवलाईचा नव्हे. ही यादी मी पूर्वी पाहिलेली होती.

ती मी पाहिली होती आजोबांच्या पेटीतल्या मोडी कागदांवर. जुन्या मराठी पत्राचा मजकूर हा त्या पत्राचा केवळ अर्धा भाग असे. उरलेला अर्धा मजकुराच्या भोवती, समासात, पाठीवर आणि शिक्क्यांत विखुरलेला असे: पत्र कोणत्या मुक्कामाहून निघाले, ‘छ’ या अक्षरापुढे चांद्रमासाची कितवी तारीख, ते रवाना केव्हा झाले आणि, ज्याला मिळाले त्याच्या कारकुनाच्या हातची नोंद म्हणून, पैवस्त केव्हा झाले, आणि शेवटी ‘मोर्तब सूद’, म्हणजे येथे मजकूर संपला, यापुढे कोणी ओळ घुसडील तर ती बनावट समजावी. आजही सरकारी कचेरीत आवक-जावक टिपणाऱ्या कारकुनाला बारनिशी कारकून म्हणतात. पत्र लिहिणारा धनी असो, मुत्सद्दी असो वा सरदार असो, बारनिशी लिहिणारा निराळाच, आणि तो मजकुराच्या खरेखोटेपणात कधी पडत नसे. वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, सरदेसाई यांच्यासारख्या संशोधकांनी आपल्या आयुष्याची वर्षेच्या वर्षे या समासातल्या खुणांवर खर्च केली ती उगीच नव्हे. कित्येक पत्रांवर तिथी आहे, महिना आहे, पण साल नाही, आणि सालावाचून ते पत्र कोणत्या मोहिमेतले हे ठरत नाही, म्हणून मजकुरातला एखादा उल्लेख, तिथी आणि वार यांचा मेळ, असे धागे जुळवीत त्यांना एकेका कागदाचे वय काढावे लागले.

छायाचित्रातला हा अदृश्य बारनिशी कारकून नेमला तो जपानी लोकांनी. तेथील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ऑक्टोबर १९९५ मध्ये जो नमुना प्रसिद्ध केला त्याला ‘एक्झिफ’ असे म्हणतात, आणि जगातला जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेरा व मोबाइल आज त्याच नमुन्याबरहुकूम नोंद करतो. आपण ज्याला जेपेग फाइल म्हणतो तिची रचना एखाद्या लखोट्यासारखी असते: आत रंगांचा मजकूर, आणि त्याच्या अगोदर, लखोट्याच्या तोंडाशीच, नोंदीसाठी राखून ठेवलेला ६४ किलोबाइटांचा एक कप्पा. चित्र दाखवणारे यंत्र हा कप्पा वाचते, चित्र आडवे दाखवावे की उभे याचा हुकूमही त्यातूनच घेते, आणि बाकीचे गुपचूप बाजूला ठेवते. या कप्प्यात १६० गुणिले १२० बिंदूंचे मूळ चित्राचे एक इवलेसे प्रतिरूपही जपलेले असते, आणि त्याची एक खोड अशी की, काही जुन्या संपादन-प्रणालींत मोठे चित्र कापले तरी हे धाकटे प्रतिरूप न कापलेलेच राहून जात असे. घरातला पसारा पडद्याआड सारावा आणि पाहुण्याने नेमक्या आरशात तो पाहावा, तसा हा प्रकार.

स्थळाची नोंद या नमुन्यात आली १९९७ साली, आणि ती ज्या मापांत लिहिली जाते ती पाहून पंचांग वाचणाऱ्या घरातल्या माणसाला परकेपणा वाटू नये: अंश, कला आणि विकला. सिटी सेंटरचे ठिकाण २६ अंश १२ कला उत्तर आणि ७८ अंश ११ कला पूर्व, असे स्थूल मानाने सांगता येईल. उत्तर-दक्षिण दिशेने एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. पण मोबाइल विकलेचेही अपूर्णांक लिहितो, म्हणून त्याची टाचणी गल्लीपाशी न थांबता अंगणापर्यंत येते. येथल्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा जो शिलालेख आहे, ज्यातल्या शून्याच्या चिन्हासाठी जगभरचे गणिती तेथे येतात, तोही वस्तुतः अशीच एक नोंद आहे: देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोजच्या माळा ५०. त्या पाथरवटाने मापे सर्वांना दिसावीत म्हणून दगडात कोरली. आपल्या मोबाइलातला कारकून ती कोणालाही दिसू नयेत अशा जागी लिहितो, आणि मग मागेल त्याला वाचून दाखवतो. मला त्याची भीती वाटते ती या दुसऱ्या गुणामुळे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१२ च्या डिसेंबरात संगणक-विषाणूंवरील औषधाचा प्रसिद्ध व्यापारी जॉन मॅकॅफी, शेजाऱ्याच्या मृत्यूच्या चौकशीसाठी बेलीझचे पोलीस त्याला शोधीत असता, फरारी होऊन हिंडत होता. त्याच्यासोबत असलेल्या ‘व्हाइस’ नियतकालिकाच्या वार्ताहरांनी, आपण या फरारी माणसाबरोबर आहोत अशी प्रौढी मिरवणारे एक छायाचित्र प्रसिद्ध केले, आणि त्या चित्राच्या कप्प्यात ग्वाटेमालातील जागेचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे राहिले. ते कोणीतरी वाचले. मॅकॅफीने प्रथम ‘मीच ते आकडे बदलले होते’ अशी बतावणी केली, पुढे ती मागे घेतली, आणि काही दिवसांतच तो पकडला गेला. ज्याने जगाला संगणकाच्या सुरक्षिततेची औषधे विकली त्यालाच आपल्या चित्राची पाठ उलटून पाहण्याचे सुचू नये, यातली थट्टा कोणी मुद्दाम रचली असती तर ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटली असती. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागाची पाने २००७ मध्ये प्रकाशनापूर्वीच कोणी छायाचित्रे काढून फोडली, तेव्हाही त्या चित्रांत कॅमेऱ्याची जात आणि त्याचा अनुक्रमांक सापडला होता. अनुक्रमांक म्हणजे कॅमेऱ्याच्या कानाचे टोचणे. तो ज्या दुकानातून विकला गेला त्या दुकानाच्या वहीपर्यंत तो पोहोचवतो.

तथापि या कारकुनावर आंधळा विश्वास ठेवणारांनाही मी सावध करीन, कारण तो प्रामाणिक असला तरी मूर्ख आहे. घड्याळ जे सांगेल ते तो लिहितो. माझ्याजवळच्या एका जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी पुरती उतरली की त्याचे घड्याळ मागल्या एखाद्या १ जानेवारीला जाऊन बसे, आणि परिणामी माझ्या मेहुणीचे लग्न, जे २००६ च्या मे महिन्यात घामाच्या धारांत पार पडले, ते त्या कॅमेऱ्याच्या दफ्तरी कडाक्याच्या थंडीत, लग्न ठरण्याच्या तीन वर्षे आधी, मध्यरात्री साडेबारा वाजता लागलेले आहे. याहून मौजेची गोष्ट अशी की, या नमुन्यात तास, मिनिट व सेकंद लिहिण्याची सोय प्रथमपासून असली तरी ते कोणत्या देशाच्या घड्याळाचे, हे लिहिण्यास जागाच नव्हती. ती जागा २०१६ साली करण्यात आली. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीने पाठवलेल्या लक्ष्मीपूजनाच्या चित्रावर सायंकाळचे सात असतात, आमच्या चित्रावरही सातच असतात, आणि दोन्ही एका ठिकाणी गोळा केली की संगणक ती दोन घरे एकाच घटकेला दिवे लावीत होती असे निःशंकपणे सांगतो. सालावाचून तिथी लिहिणारा अठराव्या शतकातला कारकून आणि देशावाचून तास लिहिणारा हा विसाव्या शतकातला कारकून, दोघांची चूक एकाच कुळातली: लिहिणाराला जे स्वयंसिद्ध वाटते ते तो लिहीत नाही. सूर्याला मात्र फसवता येत नाही. ग्वाल्हेरचे स्थानिक मध्यममान भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे १७ मिनिटे मागे आहे, आणि चित्रातल्या खांबाची सावली मोजून, नोंदलेला तास त्या सावलीशी जुळतो की नाही हे तपासणारे तज्ज्ञ असतात. (नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य स्वतःच घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे धावत असल्याने येथे दिवाळीच्या सुमारास मध्यान्ह जवळजवळ बाराच्या ठोक्याला होते, पण हे पंचांगवेड्यांचे सुख आहे, इतरांनी सोडून द्यावे.)

आता माझ्या अर्जाकडे वळतो. पाश्चात्य देशांतील लेखक या छुप्या नोंदीविषयी लिहितात ते बहुधा ती पुसावी कशी, या काळजीने. आपल्या देशात गोष्ट उलट्या तोंडाने उभी राहते: येथे सरकारच नागरिकाजवळ ती नोंद मागते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून जी पिकांची नोंद तलाठी आपल्या लेखणीने गाव नमुना १२ मध्ये करीत असे, ती शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, अक्षांश-रेखांशांसह पिकाचे छायाचित्र काढून, स्वतः पाठवावयाची असते. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर तर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरीच दिवसातून दोनदा, वेळ व स्थळ टिपलेल्या छायाचित्रांनी लावणे सक्तीचे झाले. हेतू शुद्ध होता. हजेरीपटावर मेलेल्या माणसांनी खोदकाम करावे, ही तक्रार जुनीच. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले की, या व्यवस्थेत कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवली जात आहेत, आणि कित्येक ठिकाणी तर चित्राचेच चित्र काढून हजेरी भरली जात आहे. चित्राच्या चित्राला वेळ खरी असते, स्थळ खरे असते, फक्त माणसे खरी नसतात. कारकुनाने लिहिले ते अक्षरशः सत्य, आणि दाखला सर्वस्वी खोटा.

त्या झेरॉक्सच्या मुलाने मला जो उपाय सुचवला तो या परिपत्रकाच्या प्रकाशात मला फार बोधप्रद वाटला. मोबाइलात अशी एक प्रणाली उतरवून घेता येते, म्हणाला, जी चित्राच्या तळाशी नकाशा, पत्ता, तारीख व अंश-कला सर्वांना दिसेल अशी छापून देते. कचेऱ्यांना हेच पसंत, कारण कागदावर छापले की दिसते. आणि आवाज किंचित खाली आणून पुढे म्हणाला, की जागा हाताने भरावयाची असेल तर तीही भरता येते. म्हणजे लखोट्याच्या आतली नोंद, जिला खोटे करण्यास निदान थोडे कौशल्य लागते, ती कचेरी वाचत नाही. आणि चित्राच्या तोंडावर छापलेली मोहोर, जी कोणीही ओतावी, तिच्यावर कचेरी भरवसा ठेवते. मी त्याचे आभार मानले आणि जागा हाताने भरली नाही. भेग खरी होती.

तेथून शंभर पावलांवर माझी भाची बसते. ती उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. तिला मी ही हकीकत सांगितली तेव्हा ती हसली नाही, चहा मागवला आणि म्हणाली, “मामा, छायाचित्र न्यायालयात नुसते दाखवून भागत नाही. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, तिथे सगळे अडते.” आणि मग तिने जालन्याचा खटला सांगितला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. कैलाश गोरंट्याल यांनी तक्रार केली की, २७ सप्टेंबर रोजी उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत दुपारी तीन वाजता संपत असता खोतकरांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले. पुरावा होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रफितींचा. चित्रफितीत माणसे दिसतात आणि कोपऱ्यात वेळ दिसते. परंतु त्या चित्रफितींसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारा दाखला नव्हता, आणि तो देण्यास संबंधित अधिकारी, मागणी करूनही, तयार नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जो निवाडा दिला तो आता देशभरातल्या प्रत्येक डिजिटल पुराव्याला लागू पडतो: नक्कल हजर करावयाची तर दाखला अनिवार्य, ज्याने तो मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते नाही, त्याला अशक्य गोष्ट करावयास कायदा लावणार नाही, आणि ज्या यंत्रात नोंद मुळात झाली ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात हजर केले, तर दाखल्याची गरजच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. आता हा विषय त्याच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि दाखल्यात फाइलीचे ‘हॅश’, म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब घेऊन काढलेला एक लांबलचक आकडा, लिहावा लागतो. फाइलीतला एक स्वल्पविराम हलला तरी तो आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो.

“मोर्तब सूद,” मी म्हणालो.

“तसेच समजा. म्हणून सांगते, पुतण्याच्या फोनमधले मूळ चित्र कोणाला पुसू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आली ती नक्कल.”

या एका वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र ‘चित्र’ म्हणून पाठवले की ते लहान केले जाते आणि लखोट्याच्या तोंडचा कप्पा रिकामा केला जातो. फाइलीच्या नावात जी तारीख दिसते ती चित्र काढल्याची नसून देवघेवीची, म्हणजे जुन्या भाषेत ‘पैवस्ती’ची असते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर कप्पा शाबूत जातो. पहिल्या रीतीत गुप्तता राहते आणि इतिहास मरतो. दुसऱ्या रीतीत इतिहास राहतो आणि घराचा पत्ता बरोबर जातो. जुन्या दफ्तराची वहिवाट हीच होती, की अस्सल कागद रुमालात बांधून दफ्तरी ठेवावा आणि बाहेर पाठवावयाची ती नक्कल, तीही ज्याला जेवढे कळावयास हवे तेवढ्या मजकुराची. चित्रांच्या बाबतीत मी आता हीच वहिवाट धरली आहे. मूळ चित्रांवरची कोणतीही नोंद मी पुसत नाही. ती मोबाइलातून काढून, आहे त्या रूपात, एका निराळ्या तबकडीवर ठेवतो. बाहेर जाणारी प्रत मात्र धुऊन पाठवतो. आयफोनात २०१९ पासून पाठवतेवेळीच स्थळ वगळण्याची सोय आहे; अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, त्याच वर्षी, इतर प्रणालींना चित्रातले स्थळ वाचावयाचे तर वेगळी परवानगी मागावी लागते; विंडोजच्या संगणकावर फाइलीच्या गुणधर्मांत तपशिलाचे पान उघडले तर तळाशी वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची ओळ सापडते, आणि ती मूळ फाइलीला हात न लावता धुतलेली नवी प्रत करून देते. ज्यांना याहून खोल जावयाचे आहे त्यांच्यासाठी कॅनडाच्या फिल हार्वे यांनी २००३ पासून विनामूल्य दिलेली ‘एक्झिफटूल’ ही प्रणाली आहे. तिचा चेहरा रुक्ष आहे, पण तिच्यापुढे कोणताही कप्पा बंद राहत नाही. नातवंडांची शाळेच्या गणवेषातली चित्रे, दागिन्यांची चित्रे, ‘आम्ही आता केरळात’ असे सांगणारी चित्रे यांना एवढे स्नान घालावयास आळस करू नये. पण धुतल्याने चित्र सर्वस्वी निनावी होते, अशाही भ्रमात कोणी राहू नये: प्रत्येक कॅमेऱ्याच्या संवेदकाचे आपले असे सूक्ष्म व्यंग असते, ते त्याने काढलेल्या प्रत्येक चित्रात उमटते, आणि त्यावरून कॅमेरा ओळखण्याची रीत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्येच मांडली आहे.

वहिवाट धरली असे मी म्हटले खरे, पण ती धरण्याआधी जे गेले ते गेले. आमच्या नात्यातल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, न्यू जर्सी अशा चार ठिकाणची माणसे गेली दहा वर्षे त्यात चित्रे टाकीत आली आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांचे मूळ मोबाइल हरवले, फुटले वा मोडीत गेले. आमच्या मोठ्या वहिनींची अखेरची छायाचित्रे आता केवळ त्या गटातच उरली आहेत. त्यांच्यावर काढल्याची तारीख नाही. ती गणपतीतली की दसऱ्यातली, यावर आम्हा भावंडांत मतभेद आहेत, आणि वहिनींच्या मागे दिसणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडराचे पान वाचण्याचा जो खटाटोप मी भिंग घेऊन करतो, तो करताना राजवाड्यांची आठवण होते.

या मानाने आजोबांचा काळ दक्ष. ते संस्थानच्या दफ्तरात होते आणि प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने, मोडीत, चार ओळी लिहीत. पुढे कोणा उत्साही माणसाने ती सारी चित्रे काळ्या कागदांच्या आल्बमात खळीने चिकटवली, आणि त्या ओळी साठ-सत्तर वर्षे चित्र आणि कागद यांच्यामध्ये अंधारात पडून राहिल्या. भिंतीचा अर्ज मार्गी लागल्यावर मी तो आल्बम घेऊन पुन्हा सिटी सेंटरच्या त्याच दुकानात गेलो. एक चित्र मी घरीच ओल्या फडक्याने हळूहळू सोडवून आणले होते: माझ्या धाकट्या काकांची मुंज. मुलाने ते स्कॅन केले. संगणकाने लगेच त्याच्यावर त्या दिवसाची तारीख घातली, आणि काकांची मुंज यंदाच्या आश्विनात झाली. मी त्याला चित्र उलटे करावयास सांगितले.

“ये कौन-सी भाषा है?”

“मराठीच. लिपी मोडी.” मी वाचून दाखवले: मुक्काम लष्कर; शके १८७०, वैशाख शुद्ध दशमी; वाड्याच्या चौकात; उभे कोण, बसलेले कोण. शके १८७० चा वैशाख म्हणजे १९४८ चा मे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन होऊन गेले, तेव्हा चित्रातल्या पागोट्यांपैकी काही बहुधा शेवटचीच बांधलेली असावीत. मुलाने पाठही स्कॅन केली, आणि मग, माझ्या विनंतीवरून, तो मजकूर चित्राच्या नोंदीत देवनागरीत भरावयास बसला. येथे एक अडचण आली जिची मला कल्पना नव्हती. एक्झिफच्या जुन्या नमुन्यातील वर्णनाचा रकाना केवळ रोमन अक्षरे ओळखतो. इतर लिप्यांना त्यात रीतसर प्रवेश मिळाला तो २०२३ च्या मे महिन्यात, तिसऱ्या आवृत्तीत. सुदैवाने अडोबी कंपनीने २००१ मध्ये काढलेला ‘एक्सएमपी’ नावाचा दुसरा एक कप्पा त्याच फाइलीत ठेवता येतो, आणि त्याला कोणत्याही लिपीचे वावडे नाही. आजोबांच्या चार ओळी त्यात बसल्या.

राहिली तारीख. दशमी कोणत्या इंग्रजी तारखेला होती हे मी जुने पंचांग पाहून नंतर कळवीन म्हणालो. पण त्याच्या समोरच्या चौकटीत तास, मिनिट आणि सेकंद यांचे रकाने होते, आणि ते भरल्यावाचून ती पुढे सरकत नव्हती.

“टाइम क्या डालूँ, दादाजी?”

मुंजीचा मुहूर्त सकाळचा असणार, एवढे मला ठाऊक होते. परंतु ‘असणार’ हा शब्द त्या रकान्यात मावत नव्हता.